अनोळख्याचं पान

मोड आलेले वाल सोलायला आळीतल्या बायका अंगणात बसल्या होत्या. एरवी चंद्रभागेच्या बोटांची बरोबरी कुणाला करता येत नसे, पण आज सालातून निसटलेला दाणा पातेल्यात न पडता जमिनीवर जात होता. ओटीवर सहदेव आणि राजेश, दोघे भाऊ बोलत बसले होते, आणि ते बोलणं तिच्या कानापर्यंत यावं अशाच बेतानं चाललं होतं.

“व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, दादा,” राजेश म्हणाला. तो कालच बदलापूरहून आईला घेऊन आला होता. “साखरपुड्याला मुलीचा मामा आला, सगळ्यांना सरबत दिलं, पानसुपारी दिली, आणि स्वतः घोटभर पाणीसुद्धा न पिता गेला. पोलादपूरचीच माणसं ती, मामाच्या भागातली. त्यांना काय दिसत नाही होय?”

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, उपास असेल.”

“उपास!” सहदेव हसला, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. “महापुरापासूनचा उपास. माझ्या घरात पाऊल ठेवतो, तोंडात घास ठेवत नाही. सरळ आहे रे. मी त्याच्या तांदळाला नाव ठेवलं, तो माझ्या अन्नाला ठेवतोय.”

चंद्रभागेच्या हातातला वाल चिरडला गेला. ती गोष्ट या घरात कुणी काढत नसे. पुराच्या आधीच्या उन्हाळ्यात मुरारी, तिचा थोरला भाऊ, पोलादपूरच्या वरच्या वाडीतून आपलं भात घेऊन सहदेवच्या गिरणीवर आला होता. गिऱ्हाइकं उभी होती. सहदेवनं भरडलेला तांदूळ मुठीत घेतला, फुंकर मारली आणि म्हणाला, “मेव्हणे, हा कोंबड्यांपुढं टाका.” गिऱ्हाइकं हसली. मुरारीनं पोत्याचं तोंड बांधलं, पोतं डोक्यावर घेतलं आणि तो निघून गेला. पुढच्याच पावसाळ्यात सावित्री आणि गांधारी, दोन्ही नद्या महाडात शिरल्या.

पूर ओसरल्यावर सगळ्यांत आधी दारात उभा राहिला तो मुरारीच. फावडं घेऊन आला होता. घरातला चिखल त्यानं उपसला, गिरणीतला उपसला, देव धुऊन देव्हाऱ्यात बसवले. मात्र जेवायची वेळ झाली की रस्त्यावर जाऊन बसायचा आणि फडक्यात बांधून आणलेली भाकरी खायचा. पाणीही स्वतःच्या बाटलीतलं. तेव्हापासून भाऊबीजेला आला की ओवाळून घेई, ओवाळणी घाली आणि ताटाला नमस्कार करून उठे.

“वहिनींचा चुलतभाऊ आहे की वरंधला,” राजेश म्हणत होता. “अक्षता पडताना मुलीच्या पाठीशी मामा पाहिजे. तो हाच पाहिजे असं कुठं आहे?”

सहदेव उठला. ओटीच्या कडेला येऊन त्यानं बायकोकडं पाहिलं.

“आज कीर्तनाच्या पंगतीला तो बसला तर अंकिताचा मामा मुरारी. नाही बसला, तर उद्या मी वरंधला जातो. तुझ्या भावाला तूच सांग.”

“अहो, पोरीचं लग्न आहे,” चंद्रभागा म्हणाली. “असली अट...”

“अट मी घातली नाही. त्यानं घातली.”

*

सहदेवच्या घरचं कीर्तन मार्गशीर्षात होई. पूर आला होता आषाढात, पण आषाढात महाडकर नदीच्या पातळीकडं बघत बसलेला असतो, त्याला टाळ कुठून सुचणार! म्हणून भातं झोडून झाली, अंगणं सारवून कोरडी झाली की मांडव पडायचा. कीर्तन कुणासाठी, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. पुराच्या पाण्यातून सहदेवला ज्यानं बाहेर काढलं त्या माणसासाठी. तो कोण, कुठला, कुणालाच माहीत नव्हतं. सहदेवनं शोध करायचा तेवढा केला, आणि मग देवावर सोपवलं. दर वर्षी पहिल्या पंगतीच्या अग्रभागी एक पान त्याच्या नावानं मांडायचं, भोवती रांगोळी घालायची, सगळ्यांच्या आधी त्यावर वाढायचं. त्या पानावर कुणी बसत नसे. पंगत उठली की ते गाईला जाई.

पोलादपूरच्या पहिल्या एसटीनं मुरारी आला. अंकिता दारातच उभी होती. लग्न ठरल्यापासून तिच्या चेहऱ्यावर एक तजेला आला होता, पण आज सकाळपासून आईचा चेहरा बघून तोही उतरला होता. तिनं तांब्याभांडं पुढं केलं.

“मामा, आज तरी.”

मुरारीनं भांडं दोन्ही हातांनी घेतलं. डोळ्यांना लावलं. मग तुळशीपाशी गेला आणि सगळं पाणी तिच्या मुळाशी ओतून रिकामं भांडं भाचीच्या हातात दिलं.

“सुखी राहा गो बाय. पोट भरलंय माझं.”

“पाण्यानं पोट भरतं का, मामा? आणि सकाळच्या एसटीत तुला कुणी जेवायला वाढलं?”

“कंडक्टर वळखीचा हाय,” मुरारी म्हणाला, आणि हसत हसत पंगतीच्या पत्रावळी उचलायला निघून गेला.

अंकिता वळली तर ओटीवरच्या खाटेवर बनुबाई उठून बसली होती. सहदेवची आई. पुरानंतर तिला पाण्याची भीती बसली म्हणून राजेश तिला आपल्याकडं घेऊन गेला होता. नातीच्या लग्नासाठी म्हणून ती आता आली, आणि सहदेवच्या घरचं हे कीर्तन ती पहिल्यांदाच बघत होती.

“अंकिते, इकडं ये. मामानं पाण्याचं काय केलं गो?”

“तुळशीला घातलं. दर वर्षी तेच करतो.”

“आदी डोळ्यांना लावलं?”

“हो. का गं आजी?”

बनुबाईनं मान तुळशीकडं वळवली. मुळाशी ओली झालेली माती ती बघत राहिली.

*

मागच्या पडवीत चंद्रभागेनं भावाला गाठलं. तो पत्रावळींची चवड पुसत होता.

“दादा, आज जेव.”

“चंद्रे, तू परत चालू केलंस?”

“हे म्हणतात, नाय जेवलास तर अंकिताच्या पाठीशी दुसरा मामा उभा करणार.”

मुरारीचे हात थांबले. अंकिता तान्ही होती तेव्हा तिचे कान टोचताना हाच मामा तिला मांडीवर घेऊन बसला होता. तिला पहिला रायवळ आंबा, पहिली करवंदं, पहिलं रायगडाचं दर्शन, सगळं याच मामाच्या खांद्यावरून. त्यानं एक पत्रावळ पुसली, मग तीच परत पुसली.

“दाजी म्हणतात तसं करा,” तो म्हणाला. “कुणी पण उभा राहू दे. पोरगी सुखात ऱ्हावी.”

“एवढा राग? त्या तांदळाचा?”

“कुठला तांदूळ?”

“गिरणीवर. कोंबड्यांपुढं टाका म्हणाले ते.”

मुरारी तिच्याकडं बघतच राहिला. मग त्याला आठवलं असावं, कारण तो खुदकन हसला. “अगो, तो कोंबड्यांनाच घातला होता मी. खडेच होते त्यात. दाजी काय खोटं नव्हते बोलले.”

“मग का रे? का असा वागतोस?”

त्याचं हसू गेलं. बहिणीच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला, अगदी लहानपणी ठेवायचा तसा, आणि पत्रावळी घेऊन मांडवात गेला. चंद्रभागा तिथंच पायरीवर बसली. राग असता तर तिनं पाय धरून काढला असता. राग नाही, आणि घासही नाही. मग धरायचं तरी काय?

*

अरविंदबुवा उभे राहिले, पखवाजावर थाप पडली, टाळकऱ्यांनी नामाचा गजर उचलला आणि सहदेवच्या अंगावर नेहमीसारखा काटा आला. कीर्तनात बसलं की त्याचा व्यापारी जीव निवून जाई. बुवांनी अभंगाचं पहिलं चरण घोळवून घोळवून म्हटलं, वीणा गळ्यात सावरली आणि निरूपणाला हात घातला.

“माउली, एक विचारतो. पंगतीत जेवताय. शेजाऱ्याच्या भातात खडा निघाला. कडाक्! दात कुणाचा दुखला?”

“त्याचा!” मागून एक म्हातारा ओरडला.

“आणि डोळे कुणी मिटले?”

मांडवात हशा पिकला. प्रत्येकाला आपापला चेहरा आठवला होता.

“तुम्ही मिटले! खडा त्याच्या दाताखाली, कळ तुमच्या डोक्यात. का हो? तुमचं काय गेलं होतं? आता सहदेवशेठच्या गिरणीतल्या तांदळात खडा निघत नाही, ती गोष्ट वेगळी...”

पुन्हा हशा. सहदेवनं हात जोडले. बुवा थांबले, आणि त्यांचा आवाज खाली आला.

“मोठी मोठी माणसं याचं कारण शोधतात. शोधू देत. मी भाबडा माणूस. मला वाटतं, देवानं माणूस शिवला ना, तेव्हा कातडीची शिवण त्यानं मुद्दाम एका जागी सैल ठेवली. पक्की मारली असती तर किती सुख होतं! माझं दुखणं माझ्यात, तुमचं तुमच्यात. पण त्यानं फट ठेवली. तिथून दुसऱ्याची हाक आत येते. बंद करायची म्हटली तरी होत नाही. आणि त्या दिवशी या गावात पाणी चढलं, तेव्हा कुणाच्या तरी शिवणीतून सहदेवशेठची हाक आत गेली. तो थांबला नाही, विचारलं नाही, जात बघितली नाही, घर बघितलं नाही. उतरला! बोला...”

गजर झाला. सहदेवचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला. पोती वर उचलायला म्हणून तो भल्या पहाटे गिरणीत गेला होता. उजाडलं तेव्हा पाणी छातीला होतं, आणि मग गिरणीची भिंतच आत आली. त्यानंतर त्याला आठवत होती ती फक्त गढूळ पाण्याची ओढ, शटरच्या पट्टीत अडकलेली आपली बोटं, ती एकेक करून निसटताना वाटलेली सुटका. आणि मनगटावर पडलेली ती पकड. चेहरा नाही, आवाज नाही. शुद्धीवर आला तेव्हा तो एका शाळेच्या वरच्या मजल्यावर होता, आणि मनगटावर पाच बोटांचे निळे वळ होते. ते वळ जाऊ नयेत असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

त्यानं मान वळवून पाहिलं. मुरारी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, मान खाली घालून. उपरण्यानं तोंड पुसत होता.

परक्या माणसाच्या उपकाराला याचे डोळे भरतात, सहदेवच्या मनात आलं. आणि सख्ख्या बहिणीच्या घरचं पाणी याला चालत नाही. त्याला वाटलं होतं आपला राग आता विझला असेल, तर उलट तो आणखीच भडकला.

*

पहिली पंगत बसली. बनुबाईला अंगणातच खुर्ची टाकून दिली होती. वालाचं बिरडं, नव्या तांदळाचा भात, केळीच्या पानानं झाकलेली खीर, सगळ्याचा घमघमाट सुटला होता, पण म्हातारीचं लक्ष जेवणात नव्हतं. ती मुरारीकडं बघत होती.

भाताची बादली त्याच्या हातात होती. रिवाजाप्रमाणे पहिला भात त्या रिकाम्या पानावर. मुरारी रांगोळीपाशी वाकला, भात वाढला, आणि डाव पानाच्या कडेवर आपटला. चार शितं रांगोळीत पडली. एवढ्या पंगती वाढलेला माणूस. आणि त्याचा हात याच पानावर चुकावा?

बनुबाईच्या डोळ्यांपुढं तिचा बाबा उभा राहिला. दासगावकडच्या खाडीवर त्याची तर होती, त्या नावेतून माणसं अलीकडून पलीकडं न्यायचा. एकदा त्यानं एका सोनाराचा मुलगा पाण्यातून काढला होता. त्या घरातून बोलावणं आलं, तेव्हा लहानगी बनू बाबाबरोबर गेली होती. पितळेच्या भांड्यातून पाणी आलं. बाबानं ते डोळ्यांना लावलं आणि तुळशीत ओतलं.

तेवढ्यात अंकितानं मामाचा हात धरला.

“मामा, तुला आमच्या घरचं नको ना? मग हे पान आमच्या घरचं नाहीच. बाबांना ज्यानं काढलं त्याचं आहे. तो काही येत नाही. त्याच्या वतीनं तू बस. मग कुणाला काही बोलायला नको, आणि माझ्या पाठीशी पण तूच.”

मुरारीच्या हातातली बादली खाली आदळली. “नको गो बाय. ह्या पानावर नको. कुठं पण बसव, ह्या पानावर नको.”

“अंकिता!” राजेश पंगतीतून उठलाच. “तुला काही कळतं का? ज्याचं पान आहे त्याचं आहे. कुणालाही काय धरून बसवतेस?”

“ज्याचं हाय त्यालाच बसवतेय ती,” बनुबाई म्हणाली.

ती फार मोठ्यानं बोलली नव्हती, तरी वाढपी जागच्या जागी थांबले. सहदेव खिरीचं पातेलं घेऊन येत होता, तो तसाच उभा राहिला.

“आई, काय म्हणालीस?”

“पाण्यातून माणूस काढला, तर त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाय. सांगायचं पण नाय. माणूस आपण काढला नाय, नदीनं दिला, असं म्हणायचं. त्याच्या घरचं खाल्लं की मोबदला झाला, आणि मोबदला घेतला की नदी दिलेलं परत मागते. हे तुमच्या महाडातल्या पोरांना नाय ठाव. पाण्यात उतरणाऱ्यालाच सांगतात, आणि तो बायकोला पण सांगत नाय. मी तरीवर वाढले म्हणून मला ठाव.” तिनं काठीनं तुळशीकडं दाखवलं. “सकाळी बघितलं मी. मुरारी, माझ्याकडं बघ रे. दुसऱ्या कुणाला काढलंस म्हणून पीत नाय, असं मला सांग. माझ्या सहदेवाची शपथ घेऊन सांग.”

 सांडलेला भात उचलायला मुरारी खाली बसला आणि बसूनच राहिला.

सहदेवनं पातेलं कुणाच्या तरी हातात दिलं. तो मेव्हण्यासमोर उकिडवा बसला, सदऱ्याची बाही मागे सारली आणि आपलं डावं मनगट पुढं केलं.

“धर.”

“दाजी, सोडा ना. माणसं जेवतायत...”

“धर म्हणतो.”

मुरारीनं धरलं. पाची बोटं जिथं पडायची तिथंच पडली. सहदेवच्या मनगटाला तो हात ओळखू आला, आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा होता की हसण्याचा, हे पंगतीतल्या कुणाला सांगता आलं नाही.

“तू?” तो एवढंच म्हणत होता. “मुरारी, तू?”

“बाजाराला उतरलो होतो,” मुरारी चोरी पकडल्यासारखा म्हणाला. “घाट बंद झाला, अडकलो. एका बिल्डिंगीच्या गच्चीवर होतो. खाली एक हात दिसला.”

“मी तुला चार माणसांत हिणवलं होतं. कोंबड्यांपुढं टाका म्हणालो होतो. तरी उतरलास?”

“हातावर नाव लिवलंय होय, दाजी? चिखलात सगळे सारखेच. हात दिसला, उतरलो. वर घेतल्यावर तोंड पुसलं, तेव्हा कळलं हे आपले दाजी.”

“आणि कळल्यावर काय वाटलं?”

मुरारीनं कान खाजवला. “खरं सांगू? वाटलं, अजून घोटभर पाणी पाजायला पायजे होतं.”

पंगत हसली. रडणारेही हसले. अरविंदबुवांनी तर डोळे पुसत टाळीच वाजवली.

फक्त चंद्रभागा हसली नाही. ती तुळशीपाशी उभी होती. तिनं भांड्यात पाणी घेतलं आणि भावापुढं आली.

“पी.”

“चंद्रे, ऐकलंस ना म्हातारी काय म्हणाली ते? पवायला शिकवताना आज्यानं मला पण हेच सांगितलं होतं. मला माझी भीती नाय. उद्या ह्यांना काय झालं तर... तुझं कुंकू हाय गो. म्हणून तर मी इतकी वर्षं...”

“ठाव हाय. आता ठाव झालं.” तिनं भांडं आणखी पुढं केलं. “त्यांना तू काढलंस, दादा. एका दिवसात काढलंस. मी त्या दिवसापासून बुडतेय. दर भाऊबीजेला, दर कीर्तनाला. मला कोण काढणार?”

मुरारीनं तिच्याकडं पाहिलं. त्याचा हात अर्धा पुढं आला आणि थांबला. मग तो सहदेवकडं नाही, राजेशकडं नाही, खुर्चीतल्या बनुबाईकडं बघू लागला. सहदेव तिचा पोरगा होता. नदीला भिऊन बदलापूरला जाऊन राहिलेली बाई ती; रात्री नळ ठिबकला तरी उठून बसायची. 

बनुबाईनं काठी रोवली आणि ती उठून उभी राहिली.

“पी रे मुरारी. माझा पोरगा हाय, मी सांगते, पी. बाबाचा शब्द मोडायची पाळी आली तर माझ्यावर येऊ दे. संध्याकाळी मी जाते घाटावर. नदीला म्हणेन, ह्यानं मोबदला घेतला नाय बाय, बहिणीला वर काढली. ती पण बाईच हाय. समजेल तिला.”

मुरारीनं भांडं डोळ्यांना लावलं. सवयीनं त्याची मान तुळशीकडं वळली. मग त्यानं भांडं तोंडाला लावलं. पाणी त्याच्या गळ्यातून उतरताना दिसत होतं. एक थेंबही त्यानं खाली पडू दिला नाही. भांडं रिकामं झालं तेव्हा बहिणीनं ते काढून घेतलं नाही; तिनं भांड्यासकट त्याचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

“पांडुरंगा,” बनुबाई खुर्चीत बसत म्हणाली, “किती दिलंस रे.”

राजेश पुढं आला. त्याची मान खाली होती. “मुरारीदादा, वरंधला जायचं मीच सुचवलं होतं.”

“मग जा की. त्याला पण बोलव,” मुरारी म्हणाला. “पोरीला दोन मामा झाले म्हणून काय बिघडतंय?”

सहदेवनं मेव्हण्याला दंडाला धरून उठवलं आणि रांगोळीपाशी नेलं. “बस. इतकी वर्षं हे पान तुझी वाट बघतंय.”

मुरारी बसला नाही. पानापुढं त्यानं हात जोडले आणि मागं सरला.

“हे माझं नाय, दाजी.”

“आता आणि काय?”

“मी एकटा कुठं उतरलो होतो? ओढ केवढी होती! माझ्या कमरेला दोर होता. गच्चीवरनं तो एका माणसानं धरला होता. ट्रकवाला होता कुणी तरी, हायवेला अडकलेला. दुसऱ्याच मुलखाचा. काय बोलायचा ते मला समजत नव्हतं. मी उतरताना त्यानं दोर आपल्या अंगाभोवती गुंडाळला आणि छातीवर हात आपटला. तेवढं समजलं. तुम्हाला धरून मी वर आलो तेव्हा त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. तुम्हाला पोचवून परत गेलो, तर तो दुसरीकडं कुठं हाक आली म्हणून गेलेला. नाव पण विचारलं नाय मी.” तो पानाकडं बघत राहिला. “भात वाढताना दर वर्षी तोच डोळ्यांपुढं येतो. कुठं असेल, काय खात असेल.”

 खाली बसून सहदेवनं रांगोळीत पडलेली चार शितं एकेक करून वेचली, बोटानं विस्कटलेली रेघ सारखी केली. अंकिता आतून नवी पत्रावळ घेऊन आली आणि तिनं ती त्या पानाच्या अगदी शेजारी मांडली.

“इथं तरी बसशील ना, मामा?”

“इथं बसतो.”

तो मांडी घालून बसला. चंद्रभागेनं भात वाढला, बिरडं वाढलं. वाढता वाढता तिला भान राहिलं नाही, आणि ढीग झाला तेव्हा तिचा भाऊ ओरडला, “अगो, पुरे! सगळ्या वर्षांचं आजच घालतेस काय?” अरविंदबुवांनी नामघोष केला, पंगतीनं तो उचलला, पण मुरारीनं घास घेतला नाही. त्यानं आपल्या पानावरचा पहिला घास हातात घेतला, शेजारच्या रिकाम्या पानाच्या कडेला ठेवला, आणि मगच तो जेवायला लागला.

सहदेव खिरीचं पातेलं घेऊन वाढायला निघाला. पहिला डाव त्यानं त्या पानावर ओतला, दुसरा मेव्हण्याच्या, आणि मग वाकून, एकेका पानाशी थांबत, ओळीनं पुढं गेला.